चंद्रावरचा दिवस

आप्पा, आज माझं एक चित्र पसंत झालं आणि ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुमच्यामागं मी काय काम धरलं ते तुम्हाला ठाऊक नाही. इथं चंद्रावर उतरायच्या यानाची तयारी चालते. जिथं अजून कुणी पोचलेलं नाही ती जागा कशी दिसेल, हे इंजिनिअरांना विचारून विचारून मी रंगवते. वडवणीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी चंद्र रंगवते, याचं तुम्हाला हसू आलं असतं.

पण आपल्या घरात चंद्र पहिल्यांदा रंगवला तो तुम्हीच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये चंद्रावर गेलेल्या दोन भावांचं नाटक होतं आणि मागचा पडदा तुमच्याकडे आला. पाट्या सोडून एवढं मोठं चित्र काढायची तुमची ती पहिलीच वेळ. सारं गाव बघणार होतं. पडदा जमला तर तेलगाव-दिंद्रुडकडच्या शाळांचीही कामं येतील, असं तुम्ही आईला पुन्हा पुन्हा सांगत होतात. अंगणात मादरपाटाचं जाडंभरडं कापड ताणून तुम्ही निळंशार आभाळ रंगवलंत, वर दोन ढगही काढलेत. संध्याकाळी विज्ञानाचे सर बघायला आले.

"लई छान झालंय आप्पा," सर म्हणाले, "पण चंद्रावर हवा नसती. भर दिवसाबी आभाळ काळंच दिसतं."

"दिवसा काळं?" तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "सर, लोक म्हणतील, पेंटरला दिवस-रात कळत न्हाई."

सकाळी उठून बघते तर तुम्ही निळ्यावर काळा हात मारताय. मी रडायलाच लागते. ते ढग मला फार आवडले होते.

"कावून रडायलीस?" तुम्ही म्हणता. "तिथं हवाच न्हाई तर ढग कुठून आणू?" मग तुम्ही मला शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाजवळ नेता. ऊन तिरपं पडलंय. "ही सावली बघ. हिच्यातबी जरा उजेड हाय, तो आभाळातून येतो. आभाळच काळं म्हणल्यावर सावली काळीकुट्ट पाहिजे." हे सरांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांना विचारलंत तेव्हा ते खूश होऊन "बरोबर हाय" म्हणाले.

गॅदरिंगला स्टेजचा पुढचा पडदा उघडला आणि मागं तुमचं काळं आभाळ दिसलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "दिवस हाय का रात?"

नाटकातला धाकटा भाऊ गोंधळला, मग म्हणाला, "दिवसच हाय आजी, पण हितं हवा न्हाई."

"मग तू बोलायलास कसा?"

सारं पटांगण हसलं. तुम्ही तर डोळे पुसेपर्यंत हसलात. नाटक संपल्यावर लोक स्टेजवर चढून त्या काळ्या आभाळाला हात लावून बघत होते आणि सर एकेकाला हवेचं कारण समजावत होते. पुढं कामंही आली. एका शाळेनं तर रानात घडणाऱ्या नाटकालाही काळंच आभाळ मागितलं.

मी आधी काढलेल्या चित्रातलं ऊनही त्या वाळूच्या ढिगावरच्यासारखं तिरपं होतं. चंद्रावर फिरायची छोटी गाडी यानातून ज्या फळीवरून खाली येते, तो उतार यानाच्याच सावलीत येत होता, तो मी काळाकुट्ट रंगवला. आमच्या एका इंजिनिअरनं चित्र जवळ ओढलं. "हे गणितात होतंच," ती म्हणाली, "पण एवढा अंधार असेल ते आत्ता डोळ्यांना कळलं. उतारावरच्या वाट दाखवणाऱ्या खुणा गाडीच्या कॅमेऱ्याला दिसायच्या नाहीत." मग यानाचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली आणि उतार उन्हाकडे घ्यायचं ठरलं. मी नवं चित्र काढलं. आज पसंत झालं ते हेच.

हे पत्र टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर? ते माझ्याजवळच राहील, म्हणून एक कबूल करते. चंद्राची इतकी चित्रं काढली, पण दुर्बिणीतून चंद्र मी अजून बघितलेला नाही. कुणी बोलावलं की डोकं दुखतंय म्हणते. पहिल्यांदा बघताना शेजारी तुम्ही नसणार, म्हणून टाळत आले. त्या इंजिनिअरच्या गच्चीवर दुर्बीण आहे, शनिवारी तिनं बोलावलंय. या वेळी मात्र हो म्हणून बसलेय.