डावीकडं काळी, उजवीकडं कंपनीची

१ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

मूर्तिजापूरच्या पुढं खाडकन आवाज. आरशात पाहते तर माझ्याच चाकाची प्लास्टिकची टोपी रस्त्यानं एकटीच पळून राहिली, आन् थेट तुरीच्या वावरात. थांबली नाही मी. गाडी घेऊन दीड महिना नाही झाला आन् हे असं.

बाबा ओसरीवर खुर्चीत, नेहमीसारखे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. डॉक्टर म्हणते चाला, बाबा म्हणतेत पाहू. भिक्षुकी सोडली, पंचांग कपाटात टाकलं, ओसरीच्या तीन पायऱ्या उतरून फाटकापर्यंतही येत नाहीत. आई गेल्यापासून घरात एकटेच. मी दर शनिवारी अमरावतीहून येते आन् 'हो', 'नाही', 'असू दे' एवढं ऐकून परत जाते.

आज गाडी लावली न लावली तोच आवाज आला, "डाव्या मागच्याची टोपी कुठं पाडली?"

पूर्ण वाक्य. तेही प्रश्न. मीच गडबडली.

२ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

नितीन म्हणे, "नवीन टोपी आण आन् विषय संपव." या माणसाले कोणताही विषय संपवायची भारी घाई. नवऱ्याचं नाव रोज पूर्ण लिहायले मले टाइम नाही, आजपासून नुसतं नि.

टोपी आणणारच नाही. अलॉयची चाकं लावीन! लोखंडी रिमवर प्लास्टिकचं झाकण म्हणजे टकलावर विग. पंधरा वर्षं एसटीनं आन् दुसऱ्यांच्या गाड्यांत मागं बसून अकोल्याच्या तारखा केल्या. आता स्वतःची गाडी हाय, तर कोर्टाच्या फाटकातून शिरताना दिसू दे ना कोण आलं ते.

नि. म्हणे, "वकील आल्यावर चाकं कोण पाहते?" बह्यताड!

४ नोव्हेंबर, मंगळवार

साक्षीदार आला नाही, लवकर सुटली. तडक बडनेरा रोडवर रफिकभाईच्या दुकानात. भिंतभर चाकं टांगलेली. तिसऱ्या रांगेत ते. काळं कुळकुळीत, पाच दांड्या, कडेनं चांदीची बारीक रेघ. बोट फिरवलं. जीवच बसला माझा त्याच्यावर.

रफिकभाई खरं बोलणारा माणूस. "वकीलबाई, कंपनीचं नाही हे, बाहेरचं हाय. पण माल पक्का. साइज तुमच्याच गाडीचा, टायर तेच ठेवू, नुसते रिम बदलू."

फोटो काढून नि.ले पाठवला. अंगठा आला. बाबाले पाठवला, असाच, सहज. दोन मिनिटांत फोन! बाबा आपण होऊन फोन करत नाहीत कधी.

"समोरून काय पाठवतं? आतली बाजू दाखव."

अंगावर काळा कोट, गळ्यात बँड, आन् मी दुकानात उकिडवी बसून चाकाच्या आतले फोटो काढून राहिली. रफिकभाईनं चहा सांगितला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रोज फोन. मंगळवारी दोनदा, काल तीनदा, आज कोर्ट चालू असताना. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

चिडून म्हटलं, "बाबा, तुमाले चाकातलं काय कळते?"

झालं! "चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या पूजा केल्या. मालक राहते बॉनेटपाशी, फोटोत. चाकाखाली लिंबू ठेवाले कोण वाकते? मी. चाकाले हळद-कुंकू कोण लावते? मीच. गाडीचं तोंड मी धड पाहिलं नसंल, पण चाकं सगळी पाठ हायेत. या गुडघ्यांचं भुसकट काय उगीच झालं?"

आन् हसले. मोठ्यानं. वर्षभरानं ऐकलं मी ते हसू. मले हसू बी आलं आन् लाज बी वाटली, की एवढ्या वर्षांत हे आपण विचारलंच नाही कधी.

८ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

ओसरीवर चार चाकं मांडलेली, बिनटायरची! बाजूले गजू. जठारपेठेतला टायरवाला, त्याच्या दुकानाची वास्तुशांत बाबांनी केली होती. बाबांनी फोन करून बोलावलं त्याले.

माझ्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे कंपनीचे अलॉय. कोण्या हौशी माणसानं शोरूममधून गाडी आणली, दुसऱ्या दिवशी मोठी चाकं बसवली, ही गजूकडं विकून टाकली. चंदेरी. नवी दिसतेत.

बाबा म्हणे, "कंपनीचं ते कंपनीचं. ज्यानं गाडी बनवली त्यानं चाक बनवलं. बाहेरचा आपला बनवते, कोणाच्याही पोराले बसंल असा सदरा."

मी म्हटलं, "पण बाबा, तहसीलदाराची गाडी वाटते."

"अमरावतीचं सगळं दिसाचंच."

"अकोल्याचं तेवढंही नाही!"

गजू कपबशी घेऊन मधातून उठून गेला. तासभर भांडलो. चहावर साय आली. बाबा खुर्चीत पुढं सरकून, बोट रोखून, जुन्या बाबांसारखे. काय मजा आली! येताना बोरगाव मंजूपर्यंत मी गाणे म्हणत आली, गळा नाही तरी.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबांचा फोन. "लाव तुझी काळी. काय कोणाचं हट्टापुढं चालते. पण मुहूर्तावर लाव. बुधवारी बाराच्या आत. बारानंतर राहुकाळ."

म्हणजे पंचांग कपाटातून निघालं. नि.ले सांगितलं तर तोही पेपर खाली ठेवून पाहत राहिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकता जिंकता हरली.

कोर्टातून अर्जंट म्हणून निघाली, पोचाले सव्वाअकरा. माझ्या आधी एक जीप मशीनवर चढलेली. डावीकडची दोन बसली. काय दिसत होती! उजवीकडं जॅक लावला आन् फोन वाजला.

"किती झाली?"

"दोन."

"घड्याळ पाय."

अकरा सत्तावन्न.

"मंग थांबा."

रफिकभाई पाना हातात धरून माझ्या फोनकडं वाकला आन् म्हणे, "पंडितजी, दस मिनट का काम है." बाबा म्हणे, "दस मिनट पहिलेच करायचं होतं." रफिकभाईनं पाना ठेवला. कोणाच्या बापाचं ऐकावं ते त्याले समजते.

तर गाडी डावीकडून काळी, उजवीकडून टोप्या. रफिकभाईनं सांगितलं, साइज एकच हाय, चालंल, पण जोरात हाणू नका. संध्याकाळी बाबांचा फोन, आवाज कसा मधासारखा. "आता अर्धी मोकळीच हाय तर उजवीकडं माझी लावून पाहू. मंग ठरव."

मले दाट संशय हाय. मुहूर्त आखूड होता, का आखूड काढला?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाररूममध्ये दोन तट. जे माझ्या डावीकडं गाडी लावतात ते म्हणतात, वा, शुभाताई! उजवीकडचे म्हणतात, काहून, काय बदललं? विरुद्ध पक्षाचा वकील सगळी गाडी फिरून आला आन् म्हणे, "दावा अंशतः मंजूर." दिवसभर तेच चिडवून राहिले मले. मजा येऊन राहिली, खोटं काहून लिहू.

१५ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

हे सविस्तर लिहितेच.

गाडी फाटकाशी लावली. बाबा खुर्चीतून म्हणे, काळी पाहू दे. मी म्हटलं, डावी बाजू रस्त्याकडं हाय, इथून नाही दिसायची. मुद्दाम नव्हती लावली, देवाशपथ. बाबा खुर्चीत पुढं सरकले. मंग कठड्याले हात धरून उठले. एक पायरी. थांबले. दुसरी. मी पुढं झाली तर हात झटकला. तिसरी. मंग अंगणातून फाटक, फाटकातून रस्ता, गाडीले वळसा घालून गेले आन् चाकापाशी उभे राहिले. दम लागला होता. गजू जॅक घेऊन तसाच उभा.

"दिसाले बरी हायेत," म्हणे. एवढंच.

परत येऊन ओसरीवरच्या कंपनीच्या चाकांकडं पाहिलं आन् मले सांगितलं, देवघरातली पळी आण. मले वाटलं, पाणी शिंपडतील. तर पळी उलटी धरली. गजूले एक चाक लोखंडी सळईवर अधांतरी धराले लावलं आन् कडेवर हलकेच मारलं. टण्ण! लांबवर गेला आवाज. दुसरं. टण्ण. तिसरं.

ठप्प.

परत मारलं. ठप्प.

"हे बोलत नाही," बाबा म्हणे.

गजूले राग आला. "महाराज, नारळ हाय का ते? नव्या गाडीचं हाय."

"नारळ लाखभर वाजवून घेतले मी, एक नासका निघू नाही दिला यजमानाच्या घरी. खरवड."

गजूनं आतून कानशीनं रंग खरवडला. खाली बोटभर भेग, वरून जोडकाम, त्यावर चंदेरी रंग. कुठंतरी खड्ड्यात तडकलं असंल, 'दुसऱ्या दिवशी काढली' ही मालकाची थाप; चूपचाप भरून विकलं त्यानं. गजू खालीच बसला. त्यालेही माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. हात जोडून म्हणे, "महाराज, ताई याच्यावर हायवेले गेली असती."

 बाबांनी पळी धोतराले पुसली, चारदा पुसली. पण चेहरा! असा चेहरा मी लहानपणी पाहिला होता, मोठं लग्न लावून घरी येत तेव्हाचा.

चांगल्या तिघांतली दोन गजूनं दुकानात टायर चढवून आणली आन् उजवीकडं बसवली. चौथं गजू शोधून देणार म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांचा फोन. "माझी तर ऐकून झाली. तुझी ऐकली का कोणी?"

खरंच की. डावीकडच्या दोघांवर टायर चढलेलं, ती मुकी. उरलेली दोन रफिकभाईकडं. मी म्हटलं, रफिकभाई वाजवंल, तुमी फोनवर ऐका.

"फोनवर नारळ घेते का कोणी? मीच येतो."

मी विचारलं, कुठं? बाबा म्हणे, "कुठं म्हणजे? अमरावतीले. शनिवारी येतं ना तू? संध्याकाळी परत आणून सोड."

फोन ठेवला आन् स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. नि.नं विचारलं काय झालं. बाबा येऊन राहिले म्हटलं आन् रडू आलं. ऑपरेशन झाल्यावर दवाखान्याच्या गाडीतून घरी आले, त्यानंतर कोणत्याच गाडीत बसले नाहीत बाबा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा फोन. गुडघा दुखून राहिला म्हणे. "पाहू," म्हणे. तो जुनाच 'पाहू'.

रात्री जेवण गेलं नाही. काळी काय आन् चंदेरी काय, चाकं गेली चुलीत. बाबा गाडीत बसले पाहिजेत, बस. बाकी मले काही नको. नि. म्हणे, जोर नको देऊ, चाकाचंच बोल त्यांच्याशी. कधी कधी शहाण्यासारखं बोलते हा माणूस.

फोन लावला. "बाबा, रफिकभाई म्हणते, पळीनं काही कळत नाही, मशीनच पाहिजे." (तो असं बोलला नाही. वकील हाय मी.)

"असं म्हणते का तो? म्हणू दे."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गजूचा फोन. "ताई, महाराज काल फाटकापर्यंत दोनदा चालले, आज चारदा. मले म्हणे, शुभीले सांगू नको."

२२ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

सात वाजता अकोल्यात. बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर, काळी टोपी, काखेत झोळी, झोळीत पळी. पायऱ्या उतरून उभे. दार उघडलं, सीट मागं सरकवली. आधी बसले, मंग एक पाय हातानं उचलून आत घेतला, मंग दुसरा. मी हलकेच दार लावलं.

रस्ताभर बोलत आले. हा ढाबा नवा, या नाल्यावर पूल झाला का, या गावच्या पाटलाच्या ट्रॅक्टरची पूजा केली होती, लिंबू फुटलंच नाही, टायरमध्ये हवाच कमी. मी ऐंशीच्या वर गेली नाही. त्यांनी दोनदा काटा पाहिला.

रफिकभाईनं दुकान झाडून खुर्ची मांडून ठेवलेली, उन्हात. पहिली दोन वाजवली, टण्ण, टण्ण. मंग माझी बसवलेली दोन खोलाले लावली. टायर उतरवाले अर्धा तास गेला. चारही बोलली. खणखणीत! मी टाळ्या वाजवल्या, दुकानात, कोणाची लाज न धरता.

"म्हणजे काळी पक्की?" मी विचारलं.

"गजूचं चौथं चाक येऊ दे. त्याशिवाय निकाल कसा?" वकिलाले शिकवून राहिले.

तेवढ्यात एक माणूस मिस्त्रीकडून आपलं चाक घेऊन आला, म्हणे, काकाजी, जरा हेही पाहता का? मंग दुसरा. मंग टॅक्सीवाला चारही घेऊन. रफिकभाईचं मशीन बंद, सगळे बाबांभोवती. एक ठप्प निघालं तर सगळ्यांनी 'ओ हो हो' केलं. मी दीड तास टायरच्या थप्पीवर बसून पाहत होती. जेवाले घरी चला म्हटलं तर हात केला, थांब.

चार वाजता मी म्हटलं, बाबा, निघू ना, अकोल्याले पोचायचं हाय.

बाबा पळी पुसत होते. माझ्याकडं न पाहता रफिकभाईले विचारलं, "उद्या किती वाजता उघडता?"

रफिकभाई म्हणाला, "कल इतवार है, बंद रहता." मंग बाबांच्या तोंडाकडं पाहिलं आन् म्हणाला, "नऊ वाजता."

गाडी अजून डावीकडं काळी, उजवीकडं कंपनीची. बाबा आतल्या खोलीत झोपलेत. नि.चा पायजमा त्यांना आखूड होऊन राहिला.