डबा दारातून आत गेला, भावोजी

चि. भावोजींस, वहिनीचे आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठे आहात, हे मी विसरलेले नाही. आशीर्वाद नको असतील तर त्याच मापाचा नमस्कार समजा.) तुमची झोप, भूक आणि राग हे तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. वन्संना सांगा, गुडघे कसे आहेत म्हणून विचारलंय, पण उत्तर सविस्तर नको. त्यांच्याकडे जाऊन तुम्हाला आज सतरा दिवस झाले. इतके दिवस पाहुणा होऊन राहणं तुम्हाला जड जात असेल आणि त्यांनाही, पण तो तुम्हा बहीणभावांचा प्रश्न आहे. हे पत्र तुम्हाला परत बोलावण्यासाठी नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचाल.

वसतिगृहाच्या फाटकात ट्रक आला, ताडपत्री निघाली, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "वहिनी, हा डबा आहे. डबा बसवायला फिटर लागत नाही, हमाल लागतो." मग पान्ह्यांची पिशवी खांद्याला अडकवून तुम्ही थेट बसथांब्याकडे गेलात. त्यामुळे पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि वन्संच्या कानावर मात्र घालून ठेवलंत की तो दारातून आत जाणारच नाही. गेला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. दार मी तीनदा मोजलं होतं, कारण कंपनीच्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर 'दार मोजा' असं छापलं आहे, आणि मी छापलेलं सगळं वाचते. (शाळा चौथीत सुटली. तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरचंही सोडलेलं नाही.)

त्या डब्यात काय होतं तेही सांगते, कारण तुम्ही तो उघडलेला पाहिलाच नाहीत. एका लोखंडी चौकटीत दोन बॉयलर, दोन पंप, टाकी, सगळे व्हॉल्व्ह, गेज आणि वर विजेची पेटी. कारखान्यातच जोडलेलं, पाणी भरून तपासलेलं, पुन्हा रिकामं करून पाठवलेलं. आपण फक्त चार पाइप आणि एक वायर जोडायची. पुस्तिकेत लिहिलंय की यामुळे कंत्राटदाराचा वेळ वाचतो, चुका होत नाहीत आणि माणसं कमी लागतात. मला वाटलं होतं, हे लोक जरा वाढवून लिहीत असतील. ते एका शब्दानेही वाढवत नाहीत, आणि आमची सगळी फजिती तिथूनच सुरू झाली.

आठला सुरुवात केली, सव्वाअकराला काम संपलं. आपल्या वेल्डरने प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवला. एकही कागद ओला झाला नाही. त्याने दुसऱ्यांदा फिरवला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. एवढा पडलेला चेहरा मी त्याच्या सासऱ्याच्या आजारपणातही पाहिला नव्हता. आपल्या कामात पहिल्या दिवशी निदान दोन ठिकाणी तरी पाणी यायचं, मग हे आणि तुम्ही एकमेकांच्या अकलेबद्दल बोलायचात, मग जेवण व्हायचं, आणि कामाला एक वळण लागायचं. इथे बोलायला काही उरलंच नाही. आपला हाताखालचा लांब्या तर हातात पान्हा घेऊन चौकटीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "काकू, आपलं कुठे काय चुकलं?"

मी वर जाऊन वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं की काम झालं. त्यांनी घड्याळ पाहिलं. आपण अकरा दिवस सांगितले होते, म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या मुलींच्या गाद्या ग्रंथालयात नेऊन टाकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी नुसता जुना बॉयलर दुरुस्त करायला तुमच्या यजमानांनी नऊ दिवस घेतले होते. आणि ते तर हुशार होते." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी पुस्तिका दाखवली. त्या म्हणाल्या, छापायला कुणाचं काय जातं. नीट काम झाल्याशिवाय कागदावर सही करणार नाही, आणि नीट काम म्हणजे काय ते त्यांनी यांच्या वेळी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा आठला हजर. (हसू नका. तुम्ही असता तर तुम्हीही आला असतात, आणि वर तावातावाने हातवारे केले असते.) वेल्डरने चौकट पुसली. लांब्याने उरलेला पाइपचा तुकडा घेतला आणि दर अर्ध्या तासाने त्यावर हातोडी मारायची जबाबदारी उचलली. वर बाईंना बरं वाटत होतं, असं शिपाईमामांकडून कळलं. पण मशीन सुरू, खोली उबदार, आणि तिघांना काम नाही, अशा अवस्थेत माणूस किती वेळ बसणार? मी पिशवीतून माझी रहस्यकथा काढली. वाचनालयाची आहे, परत करायची तारीख जवळ आली होती. लांब्या म्हणाला, मोठ्याने वाचा ना. वेल्डर म्हणाला, त्याला असल्या गोष्टींत रस नाही, आणि पाठ करून बसला. तिसऱ्या प्रकरणाला तो माळ्यावर संशय घ्यायला लागला.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. गोष्टीतली मोठी सून तळघरात उतरली होती, हातातली मेणबत्ती विझली होती, आणि लांब्या हातोडी मारायला विसरला. तासभर आवाज नाही म्हटल्यावर काम थांबलं की काय, ते बघायला बाई खाली आल्या. मला त्या दिसल्या, पण प्रकरण संपायला दीड पानच उरलं होतं, आणि मध्येच थांबायची मला सवय नाही. पान संपल्यावर मी उभी राहिले. आता तुमच्या भावाने उभ्या आयुष्यात कमावलेलं नाव इथे जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाईंनी वेल्डरकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही सून तळघरात कशाला गेली?"

मी सुरुवातीपासून थोडक्यात सांगितलं. त्या हत्यारांच्या पेटीवर बसल्या. त्यानंतर रोज अकराला येऊ लागल्या, आणि वाचनात व्यत्यय येतो म्हणून हातोडी बंद करायला लावली. आठव्या दिवशी पुस्तक संपलं. (माळी निर्दोष होता. वेल्डर अजून मानत नाही.) त्याच दिवशी बाईंनी कागदावर सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'काम सावकाश व नीट झाले.' तो कागद मी यांच्या फोटोशेजारी ठेवला आहे.

आता फायद्यांबद्दल. तुम्ही नव्हतात तरी काही अडलं नाही. पुस्तिकेत असंही आहे की काही बिघडलं तर जबाबदार एकच. दहा ठिकाणी फोन करायला नको. मी एकदा कंपनीला नुसता करून पाहिला. एका मुलीने गोड आवाजात डब्यावर ठोकलेल्या पट्टीवरचा आकडा विचारला आणि मला गाणं ऐकायला लावलं. गाणं बरं होतं. पूर्वी आपल्याकडेही जबाबदार एकच होता. त्याला जेवताना कुणीही हाक मारावी, तो हात धुऊन निघायचा. यांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्यांचा फोन वाजला की वेल्डर माझ्या आधी उठतो.

तर असं सगळं छान चाललं आहे. तुम्ही तिथे निवांत राहावं. वन्संना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या कमरेचा विषय काढणार नव्हते. पण थंडीच्या सुरुवातीला त्या गिरणीच्या ओल्या फरशीवर उताणे पडून तुम्ही सांधा आवळलात आणि नंतर चार दिवस तुम्हाला कूस बदलता आली नाही, ते मी पाहिलं आहे. यांनाही मी 'आता पुरे' म्हणायचा विचार करतच होते. डबा मी त्या आठवड्यात मागवला. तुम्हाला विचारलं नाही, ही माझी चूक. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून चूक जाणून केली.

ता. क. दोन. आपल्या घरातला बॉयलर सहा दिवसांपासून बंद आहे. यांनी हाताने जोडलेला, त्याला ना नकाशा, ना पट्टी, ना आकडा. व्हॉल्व्ह चौदा. त्यातले तीन कशाचेच नाहीत असं हे म्हणायचे, पण कुठले तीन ते मला कधी सांगितलं नाही. वेल्डर हात लावायला घाबरतो. कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणाला, सगळं काढून टाकू, अर्ध्या दिवसात नवीन तयार युनिट बसवू, घरात कचराही होणार नाही. पुस्तिकेप्रमाणे त्याचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मी दोन स्वेटर घालून त्याला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, की ज्यांना विचारायचं ते गावाला गेलेत. सकाळची बस साडेसहाला आहे.