चौपट ठिपक्यांचा टीव्ही

ती. स्व. दाजींच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब? आमच्याकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे, डोळे सोडून. डोळ्यांबद्दलच लिहायला बसलोय, तेव्हा खुर्चीत नीट पाय पसरून वाचा. (तुमच्याकडे पाय पसरायला जागा आहे. आमच्याकडची का गेली, ते खाली येतंच आहे.)

आठवतं ना, आमच्या चांगल्या चालत्या टीव्हीकडे बघून तुम्ही म्हणालात, "हे काय धुकं बघत बसता रे?" त्या दिवसापर्यंत आम्हाला धुकं दिसत नव्हतं. तुम्ही दाखवलंत आणि मग दुसरं काही दिसेना. फोर-के घे, चौपट ठिपके, मैदानातल्या गवताचं पातं न् पातं मोजून घे, असा तुमचा उपदेश. (गवत मोजायची हौस मला कधीपासून, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.) आणि मी, ज्याचा जन्म छापखान्यात भिंगाखाली ठिपके बघण्यात गेला, तो मुकाट्याने तुमच्यामागून दुकानात आलो. जुना खोक्यासारखा टीव्ही "अडगळ कशाला" म्हणून तुम्हीच गाडीत घालून नेलात. व्हिडिओ कॅसेट प्लेयर तेवढा वाचला, कारण तो कपाटावर होता आणि तुमचा गुडघा दुखत होता.

नवा टीव्ही भिंतीवर लागला. सोफ्यावरून पाहिलं तर होतं तेच चित्र, जरा सुजलेलं. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "अरे, एवढ्या लांबून कसं दिसेल? जवळ बस की!" म्हणजे घरात आणलेले ठिपके नव्या नवरीहून लाजाळू, आपण जवळ गेल्याशिवाय तोंड दाखवणार नाहीत! तरी सोफा पुढे ओढला. फरक दिसेना. आणखी ओढला. आता आमचे गुडघे टीव्हीखालच्या कपाटाला टेकतात, बातम्या देणारी बाई आमच्याच मांडीवर येऊन बसल्यासारखी वाटते आणि चेंडू कुठे गेला हे बघायला मान या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यावी लागते. सोफ्यामागे मात्र ऐसपैस मैदान झालंय. तिथे बायकोने कपडे वाळत घालायचा स्टँड मांडला. "तुम्ही बघा तुमचे ठिपके," ती म्हणाली, "तुमच्या दाजींच्या सल्ल्याने या घरात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं झालं."

शेवटी मी छापखान्यातलं भिंग घरी आणलं आणि टीव्हीला नाक लावून पाहिलं. दाजी, खोटं कशाला बोलू? ठिपके आहेत. भरपूर आहेत. फसवणूक म्हणावी तर तीही नाही, हा तर खरा ताप! पण दिवसभर मान मोडून आलेला माणूस रात्री भिंग लावून टीव्ही बघणार का? आणि एवढ्या ठिपक्यांत भरायचं काय? आम्ही बघतो त्या वाहिन्यांवरून येतो तो माल जुन्याच मापाचा. मग उरलेले ठिपके हा टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो. माहीत काही नसतं, पण गप्प बसवत नाही. म्हणून ठोकून देतो आणि तेही छातीठोकपणे. (असा स्वभाव आपल्या नात्यात मी आणखी एका ठिकाणी पाहिलाय. नाव लिहीत नाही, पत्र ताईही वाचते.)

हेही गिळलं असतं. पण परवा अप्पांनी तुमच्या लग्नाची कॅसेट लावायला सांगितली. आई हलती-बोलती असलेली अशी घरात तेवढी एकच गोष्ट उरलीय, हे तुम्हाला सांगायला नको. ती दारात उभी राहून कुणाला तरी हाका मारते, मग आपल्याला टिपतायत हे कळताच तोंडावर हात धरून हसते. अप्पा दर रविवारी बघतात आणि आपण कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी लावली. तर या दीडशहाण्याने आईचा चेहरा घासूनपुसून मेणाचा केला, भुवया नव्याने कोरल्या, आणि हसताना तिच्या गालावर पडायची ती घडी डाग समजून पुसून टाकली. अप्पा पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "ही कोण रे?" आणि सोफ्यामागे जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. अप्पांनी जन्मात कधी रुमालाची घडी घातली नव्हती, दाजी.

तेव्हा यापुढे मला सल्ला द्यायचा असेल तर फक्त गुडघ्यांबद्दल द्या. त्यात तुमचा अनुभव आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
ठिपकेग्रस्त मेहुणा

ता. क. : नवा टीव्ही परत घ्या म्हणून हे पत्र लिहिलंय, असा समज नको. तो राहू दे. पुढच्या महिन्यात सामने आहेत आणि शेजारच्यांना मी जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणून सांगून बसलोय. त्यांनाही तो दिसला. (दिसला नाही म्हणून सांगतात कुणाला?)

दुसरा ता. क. : जुना मात्र पाठवून द्या. ताईने त्यावर कुंड्या मांडल्यात हे मला कळलंय, त्या उतरवा. काल कामावरून आलो तर अप्पांनी खुर्ची पार स्वयंपाकघराच्या दाराशी ओढत नेली होती. ओल्या कपड्यांच्या फटीतून कॅसेट बघत होते, चष्मा काढून हातात धरलेला. म्हटलं, "अप्पा, चष्मा?" तर म्हणाले, "गप रे. आत्ता कुठे तिच्यासारखी दिसायला लागलीय."

तिसरा ता. क. : जुन्या टीव्हीवर तुम्ही स्वतःच्याच लग्नात तोंड उघडं टाकून पेंगताना स्पष्ट दिसता. नव्याने तुमचे डोळे उघडून दिलेत. तरीही, मोठ्या मनाने, जुनाच पाठवा.