नाकाचं पाडकाम

२ जून, सकाळी ६.१०

नाक बदलायचं. ठरलं.

काल लेकीकडे गेलो होतो. नात नऊ महिन्यांची झाली. मला बघितलं आणि अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीतून वाकून बघायला लागली. लेक तिला घेऊन आत गेली. जावयाने मला पाणी दिलं आणि स्वतः दाराजवळ उभा राहिला. शाळेत गणित शिकवतो, आवाज फळ्याला ऐकू जाईल इतपतच. ही स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. भांडं घासत होती. एकच भांडं, वीस मिनिटं. माझे कान तिखट आहेत, मला कळतं.

ही लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती गेल्या ऑगस्टात. दीड महिन्याचं ठरलं होतं. कधी येतेस विचारलं की म्हणते, बाळ अजून लहान आहे.

घरी येईपर्यंत विचार केला. कारण सापडलं. नाक. चार वेळा मोडलंय. भुवयांमधून सरळ निघतं, मध्येच डावीकडे वळतं, तिथे जरा थांबतं आणि मग खाली येतं. या नाकामुळे माणसाला मी गुंड वाटतो. मी जन्मभर नाकासमोर चालणारा माणूस. आता नाकच डावीकडे गेलं त्याला मी काय करणार. आतून मी लोणी आहे.

निघताना त्यांचा दरवाजा जरा जोरात लागला. काच फुटली. हल्ली बांधकामात कसला माल घालतात ते मला विचारा, मी रोज पाडतो.

६ जून, दुपार

प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आलो. पार्किंगमध्ये एक जण आडवा आला. मी शांतपणे समजावलं. समजावताना त्याच्या गाडीचा आरसा माझ्या हातात आला. परत देत होतो, तर पळाला.

रिसेप्शनवरची मुलगी आतल्या मुलीला हळूच म्हणाली की काचेची फुलदाणी आत ने. बघा. अजून मी तोंड उघडलं नव्हतं. नाकाचा परिणाम.

डॉक्टरबाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. घाबरल्या नाहीत, म्हणजे अनुभवी असणार. नाक कसं कसं मोडलं विचारलं. खरं ते सांगितलं. पहिल्यांदा वीट पडली. दुसऱ्यांदा जुन्या पार्टनरच्या कपाळावर आदळलं. तिसऱ्यांदा शेजाऱ्याने दार लावलं तेव्हा मी दारात होतो. चौथ्यांदा सिग्नलला. बाई लिहीत होत्या. म्हणाल्या, वीट सोडली तर बाकी तिन्ही वेळी समोर माणूस होता. मी म्हटलं, योगायोग.

ऑपरेशन कसं करणार विचारलं. म्हणाल्या, हाड वाकडंच जुळलंय, सरळ करायचं तर आधी परत मोडावं लागेल. छोट्या छिन्नीने आणि हातोडीने.

हे ऐकून बरं वाटलं. आपल्या लाईनचं काम निघालं. अठराव्या वर्षी मागून आणलेल्या घणावर धंदा उभा केलाय, आज तीन मशिनं आणि चाळीस माणसं आहेत. बाईंना सांगितलं, पाडकाम नेहमी वरून खाली. खालच्या भिंतीला आधी हात लावलात तर स्लॅब अंगावर येतो. तर म्हणाल्या, नाकाला खालूनच जायचं असतं, आतून. हे मला पटलं नाही. हातोडी बघायला मागितली. पेढ्याएवढं डोकं. वजन कळावं म्हणून टेबलावर सहज एक ठोका दिला.

काच फुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘ही हातोडी मी बावीस वर्षं वापरतेय. टेबल पहिल्यांदाच फुटलं.’

महिनाभर विचार करा म्हणाल्या. शिवाय अट घातली: ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे मारामारी बंद. रक्तदाब चढला तर भळाभळा रक्त येईल. मी हसलो. मारामारी? मी?

७ जून, सकाळी ६.००

संकल्प. आजपासून हात उचलायचा नाही. अवघड काय त्यात.

७ जून, सकाळी ११.४०

उचलला. ड्रायव्हर. पण त्याने डंपर रिव्हर्समध्ये माझ्या केबिनला लावला होता. असल्या वेळी गांधीगिरी करणारा माणूस धंदा करत नाही, भजनी मंडळ काढतो. चापट मारली. चापट मोजायची नाही. यापुढे फक्त मूठ मोजायची.

११ जून

चार दिवस मूठ नाही. कॉफीच्या मशीनला लाथ घातली, पण लाथेचं काही ठरलं नव्हतं. मशीनने पैसे घेतले आणि नुसतं गरम पाणी दिलं. माणूस असता तर सोडला नसता.

मुकादमाला विचारलं, मी रागीट आहे का. मुकादम सत्तावीस वर्षं माझ्याकडे आहे. दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, छे हो मालक. मागे का सरकलास, म्हणून विचारलं. म्हणाला, ऊन लागत होतं. आम्ही शेडमध्ये होतो.

१९ जून

हिला फोन केला. सर्जरीचं सांगितलं. मागे नातीचा खुळखुळा ऐकू येत होता. मग म्हणाली, ‘नाकाची?’ मी म्हटलं, हो. तर म्हणाली, ‘फक्त नाकाची?’

म्हणजे हिला माझं पोटही खटकतं. तीस वर्षांत कधी बोलली नाही. एकदम दोन ऑपरेशनं झेपायची नाहीत. पोटाचं पुढच्या वर्षी बघू.

हिच्या मनात मागचं काही असेल असं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, हिच्यावर हात टाकल्याचं मला तरी आठवत नाही. हिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तो भाग वेगळा. ही गेली त्या आठवड्यात एक ताट हातातून सुटलं होतं. सुटलेलं ताट भिंतीपर्यंत जातं, त्याला वेग लागतो.

२७ जून

मेव्हणा ऑफिसचं बघतो. हिचा धाकटा भाऊ. त्याला विचारलं, करू का नको. म्हणाला, भाऊजी, तुमचं नाक तुम्हाला शोभतं. मग म्हणाला, करा, चांगलं दिसेल. मग म्हणाला, तुम्हाला काय वाटतं? असल्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. हलवला. चष्मा पडला. पाय चुकून त्याच्यावर पडला. नवीन घेऊन दिला, जुन्यापेक्षा भारी. हे कोणी लक्षात ठेवत नाही.

४ जुलै, सकाळी

शंका. झोप नीट नाही.

सुयांना मी भीत नाही, रक्ताला तर नाहीच. खटकतंय ते वेगळंच. मी बेशुद्ध असणार आणि एक माणूस माझ्या तोंडावर हातोडी मारणार, आणि मला परत मारता येणार नाही. आयुष्यात असं कधी झालेलं नाही. लहानपणी बापाच्या वेळी झालं असेल, पण तेव्हा मी लहान होतो, त्यामुळे ते धरायचं नाही. त्याचा हात फार मोठा होता एवढंच आठवतं.

रद्द करावं का?

४ जुलै, संध्याकाळी

लेकीचा फोन. एक सप्टेंबरला नातीचा पहिला वाढदिवस. मी विचारायच्या आधीच म्हणाली, बाबा, या, पण एक तास. आणि आवाज नको. फोन ठेवला असं तिला वाटलं, पण ठेवला गेला नव्हता. मी ऐकत राहिलो. जावई म्हणाला, तेव्हा तरी सगळं नीट पार पडू दे. मग लेक म्हणाली, आईला विचारलंय, आई म्हणाली येऊ देत, मी स्वयंपाकघरात बसेन.

स्वयंपाकघरात कशाला बसायचं? समोर बस. नवीन नाक बघ.

करायचंच. तारीख घेतली, १८ जुलै.

१० जुलै

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर माझा नवा चेहरा दाखवला. बँक मॅनेजर वाटतो. दयाळू. असा माणूस कर्ज नाकारतानासुद्धा आपल्याला चहा पाजेल.

बाईंनी विचारलं, हे कोणासाठी करताय. म्हटलं, नातीसाठी, ती नाकाला घाबरते. तिने तसं सांगितलं का, म्हणाल्या. दहा महिन्यांची पोरगी काय सांगणार. बाई म्हणाल्या, ‘नाक मी सरळ करून देईन. त्यापुढचं माझ्या हातात नाही.’ डॉक्टर लोक आधीच हात झटकून ठेवतात. कागदावर सही केली. पेन मोडलं. स्वस्तातलं होतं.

१७ जुलै

सहा आठवड्यांचा हिशोब द्यायचा झाला तर: मूठ शून्य. चापटा सात, त्यातल्या दोन प्रेमाच्या. लाथा फक्त वस्तूंना. एक खुर्ची, पण ती आधीच डुगडुगत होती. बाईंना सांगितलं, काही झालं नाही. त्या माझ्या उजव्या हाताची सोललेली बोटं बघत होत्या. म्हटलं, काम.

१९ जुलै

झालं. तोंडावर हे एवढं प्लास्टर, डोळे वांग्यासारखे. आरशात बघितलं, कोणीतरी मला मनसोक्त हाणलंय असं दिसतं. आणि मी त्याला ओळखतसुद्धा नाही.

जाग आली तेव्हा दोन्ही हात पलंगाला बांधलेले होते. चौकशी केली. शुद्धीवर येताना मी भूल देणाऱ्या डॉक्टरच्या जबड्यावर एक ठेवून दिली म्हणे. बांधलं ते त्यानंतर. मेव्हण्याने सांगून ठेवलं होतं की आधीच बांधा, त्यांनी ऐकलं नाही, मग ऐकलं. शुद्धीत नसताना केलेलं मोजायचं नाही, हे कोर्टसुद्धा मान्य करतं.

ही भेटायला आली नाही. फोनवर म्हणाली, दुखतंय का. हो म्हटलं. मग म्हणाली, बर्फ रुमालात गुंडाळून लावा, नुसता लावू नका, आणि झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या, सूज तिसऱ्या दिवशी जास्त येते. हिला एवढं डॉक्टरी ज्ञान कुठून आलं कोण जाणे.

३ ऑगस्ट

प्लास्टर निघालं. नाक सरळ. चाळीस वर्षांचा माझा चेहरा कुठेतरी गेला आणि हा पाहुणा आलाय. साइटवर कोणी ओळखलं नाही. आवाज दिला तेव्हा सगळे एकदम ताठ झाले.

ड्रायव्हरला एक लगावायची होती. पण आपल्याला मनाई. मुकादमाला सांगितलं, माझ्या वतीने लगाव. मुकादम त्याला शेडमागे घेऊन गेला. दोन मिनिटांनी टाळीचा आवाज आला, मग ड्रायव्हरचं ओरडणं, मग दोघांचं हसू. चहाचा कप बशीवर ठेवल्याचाही आवाज आला. मुकादम परत येऊन म्हणाला, दिली मालक, चांगली बसली. मी काही बोललो नाही. नवीन नाकामुळे माणूस मोठ्या मनाचा होतो.

२९ ऑगस्ट

सहा आठवडे पूर्ण. खरोखर कोणावरही हात टाकला नाही. एकदा नाकातून रक्त आलं, तेव्हा भिंतीसमोर उभा राहून शंभर आकडे मोजले. भिंत तशीच उभी आहे.

बदल झालाय. ही बघेल. एक तारखेला हिची बॅग घेऊनच यायचं. कपाट आवरून ठेवलं, तिचा खण रिकामा केला.

१ सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

एक तास मिळाला होता. पंचवीस मिनिटांत परत आलो.

आधी सगळं छान झालं. नात रडली नाही. सरपटत आली, माझ्या मांडीवर चढली आणि नाक मुठीत धरलं. बाईंनी नाकाला हात लावू देऊ नका म्हणून बजावलं होतं. लावू दिला. डोळ्यांत पाणी आलं, दुखलं म्हणून. जावई हसला. ते ऐकून ही बाहेर आली. हातात केकची बशी होती. वर्षाने समोर बघितली. केस पांढरे झालेत. माझ्या नाकाकडे बघत होती, आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

नातीने माझी पँट धरली आणि उभी राहिली. मग पँट सोडली. कोणाचाही आधार न घेता उभी. पहिल्यांदाच. मला इतका आनंद झाला की उठलो आणि टाळी वाजवायला दोन्ही हात वर केले.

ही बाजूलाच होती. बशी पडली. ही तिथल्या तिथे खाली बसली, डोळे मिटून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. कोपर चेहऱ्यासमोर. काही ओरडली नाही. सवयीने केल्यासारखं केलं.

माझे हात वरच राहिले. खाली घ्यायचे सुचलं नाही.

नातीने आजीकडे बघितलं. मग वर, माझ्या हातांकडे. चेहऱ्याकडे नाही. मग तिचा ओठ बाहेर आला आणि ती रडायला लागली.

लेकीने तिला उचललं. जावयाने बशीचे तुकडे गोळा केले. ही उठली, पदर नीट केला, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, ‘टाळीच होती ना. कळलं मला. कळलं, पण उशिरा कळलं.’

बॅगेचं विचारलं नाही.

दारापर्यंत लेक आली. म्हणाली, ‘बाबा, नाक छान झालंय.’

गाडीत बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. तसे मोठेच आहेत. आधी कधी नीट बघितले नव्हते.

उद्या डॉक्टरबाईंना फोन करायचा. हात लहान करून मिळतात का, विचारायचं.