गुळगुळीत टायर आणि तुझा उजवा डोळा

रविवार, चौदा तारीख, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटे.

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तू "ठणठणीत" म्हणणार आणि उठताना दाराच्या चौकटीवर आपटणार. हे पत्र तुझी बायको तुला वाचून दाखवते आहे, हे मला ठाऊक आहे. तिनं एकही शब्द गाळू नये.

वर लिहिलेली वेळ तुझ्या गुन्ह्याची. तेव्हा मी तुझ्या लेकीच्या मोटार-शर्यतीच्या गॅरेजमध्ये, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून, एका स्टुलावर गप्प बसले होते (हो, मी, गप्प). ती रेडिओवरून ड्रायव्हरला कधी आत यायचं, कधी नाही, ते सांगते. ऐन मोक्याला माझ्या पर्समध्ये तुझा फोन! "ताई, टीव्हीवर नुसतं धुकं दिसतंय, पोरीला म्हणावं गाडी आत घे!" अरे, धुकं कुठलं? तो तुझा मोतीबिंदू. बाहेर साधी भुरभुर चालू होती.

पण त्या भुरभुरीनंही सगळ्यांची भंबेरी उडवली होती. बाकीच्या गाड्या एकेक करून पावसाळी टायर चढवायला आत वळत होत्या. आमच्या ड्रायव्हरनं (टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप, एरवी रस्ता ओलांडतानाही दोनदा बघणारा) विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "मागची चाकं धरतायत का?" तो म्हणाला, "सरकतायत, पण धरतायत." "मग बाहेरच राहा. सर निघून जाईल." आणि तो म्हणाला, "बरं."

एवढंच. ओला रस्ता, कोरड्या रस्त्यासाठीचे गुळगुळीत टायर, विमानासारखा वेग, आणि "बरं." टेलिफोन केंद्रात उभं आयुष्य काढलेली बाई मी, "बरं"चे सगळे प्रकार ऐकलेले आहेत. तुझ्या "बरं"चा अर्थ "बघू." आमच्या ह्यांच्या "बरं"चा अर्थ, ऐकलंच नाही. ह्या माणसानं मात्र त्या शब्दात हातचं काही राखलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरना इतकं आज्ञापालन कधी लाभलं नाही, आणि त्यांच्या हातात तर पट्टी असायची.

सर गेली, रस्ता वाळला. आत गेलेल्यांना टायर बदलायला पुन्हा यावं लागलं. आपला मागून कुठून तरी आला आणि तिसरा झाला.

नंतर मी त्याला गाठलंच. म्हटलं, "ती चुकली असती तर?" तो हसला. "आत्या, मागच्या शर्यतीत चुकलीच होती की. भिंतीवर गेलो. मी गाडीतून उतरायच्या आत रेडिओवर म्हणाली, चूक माझी. सगळे ऐकत होते. मग मीही सांगितलं, ब्रेक मी उशिरा लावला. मला पुढचं वळण तेवढं दिसतं, आभाळ ती बघते. ती मला खोटं सांगत नाही, मी तिला सांगत नाही. आणखी काय लागतं?"

मी उठले आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

आणि तू! त्याच मुलीनं तुझ्यासाठी डोळ्यांच्या चार डॉक्टरांना भेटून, नको नको ते प्रश्न विचारून, एक बाई निवडल्या. तू म्हणालास, "तिला काय कळतंय!" वर्ष झालं. मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी थांबलात तर अवघड होईल, असं त्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणतात. परका माणूस तिच्या शब्दावर जीव सोपवतो, आणि सख्ख्या बापाला एक डोळा सोपवता येत नाही? मला तुझी लाज वाटते, आणि हे वाक्य तुझ्या बायकोनं दोनदा वाचावं.

तुझी,
ताई

ता. क. तुझा निरोप मी तिला दिला होता. पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबांना सांग, मी बघतेय."

ता. क. २. डॉक्टरीणबाईंकडे सोमवारी ऑपरेशनच्या दोन वेळा राखून ठेवल्या आहेत. एक तुझी. दुसरी माझी, पोरीनं मलाही तपासायला नेलं होतं, माझ्याही डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या टेबलावर एकटीनं आडवं व्हायची माझी छाती होत नाही. तू आधी जा, मी तुझ्या मागोमाग येते. तुझा होकार लेखी, तुझ्याच अक्षरात (वेडावाकडा चालेल), शुक्रवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडला पाहिजे. साडेबाराला मला पोरीला उत्तर द्यायचं आहे.