चौथं कडवं

९ नोव्हेंबर, नांदेड
कुरियर आलं. आमच्या 'जंक्शन बॉइज'ची मोठी काळी तबकडी, नव्याने काढलेली. मुदखेडच्या रेल्वेवाल्यांची आम्ही चार पोरं. गिटार भोंगेवाल्याच्या मशीनला जोडून लग्नात धिंगाणा घालायचो. पुढे कुणी विचारलं नाही. आता जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या पुण्याच्या रोहन नावाच्या मुलाला आम्ही सापडलो.
कव्हरवर वामन, आमचा गाणारा. मागच्या बाजूलाही वामनच. मी आहे, पण तोंडासमोर भोंगा.
आत छापलंय, 'फलाटावरची': शब्द, चाल, आवाज वामन. आवाज त्याचा, कबूल. शब्द नि चाल माझी! यापुढे इथे त्याला नुसतं वा. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.
जेवलो नाही. सुमन: "सैपाक काय वामनभाऊनं केलाय का? जेवा गुमान."

१० नोव्हें.
रोहनला फोन लावला. म्हणे, "काका, जुन्या रेकॉर्डवरही फक्त वामनकाकांचंच नाव आहे."
असणारच. आमच्याकडे नाव कागदावर नसतं, शेवटच्या कडव्यात असतं. ज्याने रचलं त्याचं. "किसन म्हणे, गाडी सुटली, तू फलाटावर का गं." मुंबईत स्टुडिओचा साहेब म्हणाला, तीन मिनिटांत आटपा. वा.ने चौथं कडवं गाळलं. तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मुंबईत गातोय याचीच धुंदी. रेकॉर्ड हातात आल्यावर कळलं, मी त्यात नाहीच.
रोहन: "ते कडवं कुठे ऐकायला मिळेल?" म्हटलं, माझ्याकडे. तोंडपाठ.

१४ नोव्हें.
लातूरच्या पेपरात वा.ची मुलाखत, भाच्याने मुद्दाम पाठवली. शिकवणीची पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतायत. जन्मभर दाळ मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस, आता गळ्यात मफलर काय, चष्मा काय.
सुमन: "किती जळून राहिले हो."
हाव, जळतोय. शुगर, बी.पी. आणि वा. तिन्ही वाढलेत.

२० नोव्हें.
रोहनचा फोन. वा.ने स्वतःहून एक जुनी टेप पाठवली. मुदखेडला कुणाच्या तरी हळदीत भरलेली. तीत चौथं कडवं आहे. वा.च्या आवाजात "किसन म्हणे". वर निरोप, किसनचं नाव छापल्याशिवाय पुढची रेकॉर्ड काढू नका.
आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. नाव माझं नि मोठेपणा परत त्याचाच. शिव्या द्यायचीसुद्धा सोय ठेवली नाही.
रोहनने ती फोनवर पाठवली, सुमनला ऐकवली. तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नावानं की त्याच्या आवाजानं, विचारलं नाही.

२२ नोव्हें.
वा.चा फोन! कित्येक वर्षांनी. "जयभीम, किसन्या." आवाज ओळखलाच नाही. घशाचं ऑपरेशन झालंय म्हणे. नुसती घरघर.
"पुढच्या रविवारी लातूरला कार्यक्रम हाय. मला आता गाता येत न्हाई. चौथं कडवं तू म्हण."
"मी गिटारवाला. मी कधी गायलोय का?"
"म्हणूनच म्हणून राहिलो."
ऑपरेशन कशाचं, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे... धीर झाला नाही.

२६ नोव्हें.
बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. शब्द माझे, चाल माझी, नाव माझं, नि कानात आवाज त्याचाच. नळ सोडला.
सुमन बाहेरून: "बरं हाय की." लई खोटं बोलते.

३० नोव्हें., लातूर
दुपारी एस.टी.ने आलो. थेट वामनच्या घरी. तो आता हातानेच जास्त बोलतो. भिंतीवर तेच कव्हर, फ्रेम केलेलं. भोंग्यावर बाण काढून पेनाने लिहिलंय: 'याच्या मागं किसन हाय.'
रागच आला, खरं तर.
"गाशील ना?"
म्हटलं, बघू.
त्याने पंखा बंद केला. मी गिटार लावायला बसलो. तारा जुळल्या तसे त्याने डोळे मिटले, मान डोलवली. तेव्हा लक्षात आलं, मी काळी चारला लावलीय. त्याच्या पट्टीला. माझा गळा तिथवर कधीच पोचला नाही. त्याचा आता पोचत नाही.
रिक्षा यायचीय. तारा अजून उतरवल्या नाहीत.