बाबांसाठी काचेची बोडी

६ जानेवारी १९५७, रविवार
पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. तेव्हा त्यांना आमच्या कामठा गावाहून इथे गोंदियाला माझ्या घरी आणलं. खाटेवर पडून दिवसभर भिंत बघतात नि एकच धोशा लावतात, टेकचंद, मले बोडीवर ने. बोडी म्हणजे आमच्या शेतातलं तळं. तिच्या पाळीवर मासोळ्यांसाठी गरी टाकून बसण्यात त्यांचा जन्म गेला. पण अशा माणसाला बैलबंडीत घालून हाडं खिळखिळी करायची का? शिवाय आठवडाभर तहसील कचेरीत राबल्यावर रविवारी माझ्यात जीव उरत नाही. म्हणून ठरवलं, बोडीच घरात आणायची. एका मिठाईवाल्याने मोडीत काढलेली काचेची पेटी आणली, डांबराने सांधे भरले. साहेबांकडच्या इंग्रजी मासिकात सगळी माहिती आहे. फक्त तळाशी घालायचे दगड नि विटा नीट निवडायच्या. एका आठवड्याचं काम.

९ जानेवारी
दगड विकत घेणारा मूर्ख. रुळांच्या कडेला गिट्टी वाया पडून असते. पिशवी भरत होतो तर फाटकवाल्याने हटकलं. म्हटलं, मी सरकारी नोकर आहे. तो म्हणाला, वो तो मैं भी हूँ. अर्धी परत टाकावी लागली.

१० जानेवारी
पाण्यावर इंजिनाच्या तेलाचा तवंग. उन्हात रंग छान दिसतात. दुलारीला मात्र वास येतो. बाबांनी नाक मुरडलं, जेवढं मुरडता येतं तेवढं. बायको नि बाप एका बाजूला झाले की माणसाने करायचं काय? गिट्टी काढली.

१३ जानेवारी, रविवार
भाजलेली वीट चालते, असं मासिक म्हणतं. शेजारच्या बांधकामावरून दोन आणल्या. लाल होत्या, म्हणजे भाजलेल्याच. दुपारी झोपलो. उठून बघतो तर पेटीत गेरूचं पाणी नि तळाशी चिखल. माझी निवड बरोबर होती, वीट कच्ची निघाली.
बाबांनी पुन्हा बोडीचं काढलं. पुढच्या रविवारी, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पटलं असावं.

१७ जानेवारी
दगडावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर... इथे मासिकाचं पान फाटलं आहे. पण डोकं चालवायला पान कशाला लागतं? फेस म्हणजे मळ निघतो, साबणासारखा. चुनाभट्टीपाशी सापडलेल्या अर्धवट भाजलेल्या पांढऱ्या गोट्याला इतका फेस आला की बघत राहावं. असा स्वच्छ दगड दुसरा नाही. पेटीत ठेवला. काम फर्स्ट क्लास झालं.

१९ जानेवारी
मासे धरणाऱ्या छोटेलाल ढिवराने जिवंत मासोळ्या आणून दिल्या. बाबांनी कित्येक दिवसांनी मान उचलली. बराच वेळ बघून म्हणाले, पानी बरं नाही बाप्पा. मी त्यांना फेसाचं सायन्स समजावून सांगितलं.

२१ जानेवारी
सगळ्या मासोळ्या उलट्या. जातच नाजूक असणार. बाबा म्हणाले, माह्या डोऱ्यासमोर मारल्या तुनं. मग भिंतीकडे तोंड केलं. वाईट वाटलं, फार वाटलं. जेवण गेलं नाही.

२७ जानेवारी, रविवार
मागचा रविवार, बाबांना न्यावं का, या नुसत्या विचारात गेला. आज हयगय नाही. पहिल्या गाडीने सालेकश्याला गेलो, नाल्यातले काळे गुळगुळीत गोटे निवडले. कंबर मोडली. घरी आलो तर कळलं, धाकटा भाऊ हिरालाल बाबांना बोडीवर न्यायला कामठ्याहून बंडी घेऊन आला होता. मला विचारल्याशिवाय नेऊ द्यायचं नाही, असं मीच दुलारीला बजावून ठेवलेलं, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबून रिकामा परत गेला. निदान चिठ्ठी तरी पाठवायची.

२८ जानेवारी
गोटे धुऊन तुळशीपाशी वाळत घातले होते. शेजारच्या शामकलाबाईंना वाटलं देव मांडले. सगळ्यांना शेंदूर फासून पाया पडून गेल्या. मी पेटीसाठी उचलायला गेलो तर दुलारी आडवी आली. देवाले मासोळ्यायच्या पान्यात घालता काय, काई लाज? मी म्हटलं, काल नाल्यात होते. ती म्हणाली, काल होते. आता घरात पाच देव वाढले नि दगड एकही नाही.

३ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा सालेकसा. पुन्हा गोटे. अंधार पडल्यावर घरी पोचलो. बाबांची खाट रिकामी. पिशवी दारातच टाकून आत धावलो.
दुलारीने सांगितलं, हिरालाल आला होता, बंडीत धानाचं मऊ तनीस अंथरून घेऊन गेला. या वेळी तिने अडवलं नाही. बाबा आता तिकडेच राहणार. मी विचारलं, हाडांचं काही म्हणाले? म्हणाली, हासून राहिले होते. माझ्यासाठी बाबांनी निरोप ठेवला आहे. टेकचंदले मासोळ्या पाहाच्या असन तं बोडीवर ये म्हना.

७ फेब्रुवारी
नवे गोटे उत्तम. फेस नाही, तवंग नाही. पाणी आरशासारखं. छोटेलालने पुन्हा आणून दिलेल्या मासोळ्या सगळ्या जिवंत. दुलारी बाबांचं करायला सकाळीच कामठ्याला गेली. पेटी खाटेपाशी सरकवली नि बाबांच्या जागी पडून बघत होतो. घर फार मोठं वाटतं.
रविवारी कामठ्याला जायलाच पाहिजे. पण मग मासोळ्यांकडे कोण बघणार?